अपडेटचं टायमिंग ‘सेट करून देतो’ म्हणून अप्पांना लुटलं

आधी मेन गोष्ट सांगून टाकते. विंडोजच्या अपडेटला एक रुपया लागत नाही, आणि ते किती वाजता व्हावं हे ठरवायला कुणाला फोनही करावा लागत नाही, सगळं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्येच असतंय. आता झालं काय ते लिहिते, कारण आमच्या बेळगावात वडगाव-शहापूर भागात असे घरी कॉम्प्युटर घेऊन काम करणारे बरेच जण आहेत.

आमचे अप्पा रिटायर झाल्यावर घरातनंच यंत्रमागवाल्यांची जीएसटीची कामं करतात. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख ११. आणि मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं मोठं अपडेट येतं दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे ८ ते १४ च्या मध्येच कधीतरी, आपल्याकडं ते मंगळवारी रात्री पोचतं आणि बुधवारी सकाळी ‘रीस्टार्ट करा’ म्हणून मागं लागतं. म्हणजे बरोबर रिटर्न भरायच्या गडबडीत. एकदा अप्पा चहाला उठले आणि येऊन बघतात तर निळी स्क्रीन, टक्के मोजत बसलंय, आणि मागवाला बाहेर खुर्चीत बसून वाट बघूलालाय. अप्पांचं डोकंच फिरलं.

मी त्या वेळी उद्यमबागेत ऑफिसला. अप्पांनी सर्चमध्ये टाकलं, अपडेटची वेळ कशी बदलायची, आणि पहिलंच जे आलं त्याच्यावर क्लिक केलं. त्याच्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे कुणीतरी पैसे भरून लावलेली जाहिरात, ते कोण बघतंय. आत ‘विंडोज कस्टमर केअर’ आणि मोठ्ठा नंबर.

पलीकडचा माणूस आधी हिंदीत बोलला. अप्पा जरा अडखळले तसं त्यानं लगेच एका मॅडमना लाईनवर घेतलं आणि ती चक्क मराठीत, "काका तुम्ही बेळगावचे काय, माझं सासर निपाणीचं की." झालं. आपल्याकडं कस्टमर केअरला फोन केला की कन्नड नाहीतर हिंदी नाहीतर इंग्लिश, तिथं कुणी काका म्हणून मराठीत बोललं की माणूस निम्मा तिथंच विरघळतो. बाईचं सासर निपाणीला आहे की नाही देव जाणे.

मग त्यांनी स्क्रीन शेअर करायचं एक ॲप घ्यायला लावलं आणि माऊस आपोआप हलायला लागला. त्यांनी काय उघडलं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी दाखवणारं विंडोजचंच पान. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी असते, एरर, वॉर्निंग, एरर. "काका हे बघा, सगळे व्हायरस." मी नंतर आमच्या ऑफिसातल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर तेच उघडून बघितलं, तिथंही लाल-पिवळी यादी आहेच. चालू कॉम्प्युटरवर अशा बारीकसारीक नोंदी पडतच असतात, त्यात व्हायरसचा काही संबंध नाही. वर त्यांनी सांगितलं की तुमचं विंडोज १० एक्स्पायर झालंय. ही अर्धी खरी गोष्ट, म्हणून तर माणूस फसतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आहे, पण म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा सिक्युरिटी अपडेट्स कंपनीनंच ठेवलीत आणि त्याची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होते, फोनवरच्या मॅडमकडं नाही.

‘३ वर्षांचा ऑटो अपडेट प्लॅन’ म्हणून ४,९९९ रुपये घेतले. आणि त्या बदल्यात केलं काय तर ॲक्टिव्ह अवर्स सकाळी ८ ते रात्री १० करून दिले. दोन मिनिटांचं काम. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, तिथं ॲक्टिव्ह अवर्स, आपण काम करतो ती वेळ टाकायची, १८ तासांपर्यंत टाकता येते, त्या वेळात ते आपोआप रीस्टार्ट करत नाही. रिटर्नचे दिवस असतील तर अपडेट काही दिवस थांबवायचं बटणही तिथंच आहे. फक्त थांबवून विसरू नका, काम झालं की घालून टाका.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलंही नसतं. काही आठवड्यांनी त्याच मॅडमचा फोन, काका आमची कंपनी बंद व्हायलीय, तुमचा रिफंड देतो. परत तेच ॲप. अप्पांना बँकेत लॉगिन करायला लावलं, मधेच स्क्रीन काळी केली, आणि परत आली तेव्हा बॅलन्स वाढलेला. ४,९९९ च्या ऐवजी चुकून ४९,९९९ गेले म्हणे, काका माझी नोकरी जाईल, वरचे ४५,००० तेवढे परत पाठवा. बाई रडत होती. अप्पांनी स्वतःच्या हातानं पाठवले. पैसे जमा झाल्याचा एसएमएस आलाच नव्हता, गेल्याचा मात्र लगेच आला.

ते कसं केलं हे मी संध्याकाळी अप्पांना करून दाखवलं. ब्राउझरमध्ये आकड्यावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, तिथं हवा तो आकडा टाइप करा. मी अप्पांचा बॅलन्स एक कोटी केला. अप्पा बघतच राहिले. मग एफ५ दाबलं, परत होता तेवढाच. पान फक्त आपल्या स्क्रीनवर बदलतं, बँकेत काहीच होत नाही. पासबुक भरून आणलं असतं तरी कळलं असतं.

त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत लेखी दिलं. उशीर करू नका, पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात फार भरभर फिरवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे आपणच पासवर्ड वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लिहिलेली पोच घ्याच. आमची थोडी रक्कम पुढच्या एका खात्यात होल्ड झालीय. बाकीची गेली.

पण खरं सांगू, मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. डेस्कटॉपवर एक्सेलची फाईल, त्यात सगळ्या मागवाल्यांचे जीएसटीचे युजर आयडी आणि पासवर्ड, आणि डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन मागं यूएसबीला कायमचा खोचलेला. कामवाल्या माणसांच्या घरी हे असंच असतं, कुणी रोज काढून कपाटात ठेवत नाही. माऊस त्यांच्या हातात असताना त्यांनी काय काय बघितलं कुणाला माहीत. आधी नेटची वायर काढली, ते ॲप काढून टाकलं, तोवर माझ्या फोनवरनं अप्पांचा बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदलला. मग अप्पांनी एकेका गिऱ्हाईकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगितलं, आणि प्रत्येकाला कारण सांगितलं. ते बघवत नव्हतं. एकानं काम काढून घेतलं, बाकीचे राहिले.

गेल्या आठवड्यात अजून एक फोन आला. सायबर सेलमधनं बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंग फी तेवढी भरा. तक्रार केल्याचं त्यांना कसं कळलं विचारू नका, बहुतेक अंदाजानंच टाकतात. अप्पांनी कन्नडमधनं सांगितलं, मी स्टेशनलाच येतो, अड्रेस हेळ्री, म्हणजे पत्ता सांगा. फोन कट.