कन्याशाळेची कबड्डी मॅट: वर्गणीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

मॅट घ्यायची का, किती जाडीची घ्यायची, पैसे कसे उभे केले, असं विचारणारे फोन आजूबाजूच्या शाळांमधून सारखे येताहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी शाळेची माजी विद्यार्थिनी. आमच्या माजी विद्यार्थिनी मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे मॅट घेताना पहिल्या दरपत्रकापासून मी त्यात होते. शाळा जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-भडगाव पट्ट्यातली, फक्त मुलींची. दोन वेण्या आणि लाल रिबिनी अजून सक्तीच्या आहेत, प्रार्थनेला उशीर झाला तर अजून फाटकाबाहेर उभं राहावं लागतं. आणि कबड्डीचा संघ आमच्या आयांच्या वेळेपासून आहे.

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मॅट घ्या. पण ती कायम अंथरलेली राहील अशी छपराखालची जागा असेल तरच घ्या. रोज उचलावी लागणारी मॅट महिन्याभरात गोदामात जाते. आमचीही जवळजवळ गेलीच होती.

आता मुळापासून. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल होतो आणि मधल्या काळात ढेकळं. म्हणून मैदानावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. मुरमावर पकड करायला गेलं की गुडघा आणि कोपर सोलवटलंच म्हणून समजा. आमच्या पिढीतल्या बहुतेकींच्या गुडघ्यांवर त्याच्या खुणा आहेत. तिकडे २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, घरोघरी टीव्हीवर मॅट दिसायला लागली आणि शालेय स्पर्धाही वरच्या पातळीला मॅटवर जायला लागल्या. आमच्या मुली तालुका मारायच्या, जिल्ह्याला गेल्या की मॅटवर पाय घसरायचे. मुरमावर खेळणारी मुलगी थांबताना पाय थोडा घासत नेते. मॅटवर पाय आहे तिथेच चिकटतो आणि वरचं शरीर पुढे जातं. हे सरावाशिवाय जमत नाही. विभागाला नाशिकच्या मुली समोर आल्या की आमच्या चढाईवालीला आपलेच पाय परके वाटायचे.

पैशांची गोष्ट थोडी लांबवते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात.

सुरुवात भुलाबाईने झाली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात. कोजागिरीच्या संध्याकाळी शाळेच्या अंगणात आम्ही तेच केलं. फक्त चुकणाऱ्याने वीस रुपये टाकायचे, असा नियम केला. डब्यात काय असावं? एका आजींनी चार खारका कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. आवाजच येईना. गावातल्या अर्ध्या व्यापाऱ्यांचे वीस-वीस रुपये त्या एका डब्यानं काढले. रक्कम मोठी जमली नाही, पण शाळेला मॅट हवी आहे ही बातमी त्या रात्रीतून सगळीकडे पोचली.

खरी रक्कम उभी राहिली ती भरितावर. डिसेंबरातला रविवार, तिकडून यावलकडून मागवलेली भरिताची हिरवी वांगी, शाळेमागच्या मोकळ्या जागेत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ. वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी. दीडशे रुपयांचं कूपन आधीच विकलं होतं, तेही शेतकऱ्यांना, बँकेतल्या लोकांना, कोर्टातल्या वकिलांना. मुख्याध्यापिका बाईंनी एकच अट घातली होती: शाळेतल्या मुली वाढायला उभ्या राहणार नाहीत. मग वाढायला माजी विद्यार्थिनींचे नवरे उभे केले. त्या दिवसाची सगळ्यात जास्त करमणूक तीच होती, आणि दुपारी दीडच्या सुमाराला भरीत संपलं.

उरलेलं बाहेर राहणाऱ्या लेकींनी पुरवलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सुरतेला असतंच. उधन्याला राहणाऱ्या आमच्या मैत्रिणींनी तिथल्या तिथे ग्रुप करून पैसे पाठवले. पुणे-नाशिकवाल्या जरा मागे राहिल्या. (हे वाचत असाल तर वाचा. पुढच्या वेळी लक्षात ठेवू.)

हिशेबाचे दोन-तीन धडे. पैसे कोणाच्याही खासगी खात्यावर घेऊ नका. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यावर घ्या आणि पावती तिथल्या तिथे द्या. संस्थेला आयकराची देणगी-सवलतीची (८०जी) नोंदणी असेल तर देणगीदाराला आधी सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही, चेक किंवा यूपीआयनेच द्यावी लागते. आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं आयकर प्रमाणपत्र संस्थेने द्यायचं असतं, ते आधीच कारकुनांच्या कानावर घाला, नाहीतर जूनमध्ये फोन तुम्हाला येतात. दरपत्रकं तीन मागवा. आणि नावाच्या फलकाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत मिटवा. एका गृहस्थांना मोठी रक्कम द्यायची होती, पण मॅटच्या मधोमध, मध्यरेषेवर त्यांच्या धंद्याचं नाव हवं होतं. आम्ही नको म्हटलं. भिंतीवर एक फलक लावला, त्यावर माणसांची नावं नाहीत, दहावीच्या तुकड्यांची वर्षं आहेत. त्यामुळे ज्या वर्षांची नोंद नाही त्या तुकड्या आता स्वतःहून विचारतात, पुढची वर्गणी कधी म्हणून.

आता वस्तू. एक मीटर बाय एक मीटरचे ईव्हीए फोमचे तुकडे येतात, कडेला दात असतात, एकमेकांत अडकवायचे. महिलांचं मैदान लॉबीसकट (म्हणजे दोन्ही कडेच्या पट्ट्यांसकट) १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे ९६ तुकडे. चारी बाजूंनी एकेक तुकड्याची पट्टी हवी असेल तर १४० लागतात. आम्ही १४० घेतले, वर थोडे सुटे. वाहतूक आणि कर धरून सगळं दीड लाखाच्या आत बसलं. जाडी ३० मिलिमीटर. विक्रेता ४० मिलिमीटरच्या मऊ मॅटचा फार आग्रह करत होता. नमुन्यावर उभं राहून टाच फिरवली तर टाच आत बुडत होती. अशा मॅटवर वळताना घोटा मुरगळतो. जाडीपेक्षा घट्टपणा बघा. अंगठ्याने दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. आणि एकच तुकडा बघू नका, दोन गठ्ठे फोडून दात एकमेकांत बसवून बघा. आमच्या एका गठ्ठ्यातले दात अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे निघाले. विक्रेत्याने ते बदलून दिले, पण दोन महिने आणि पुष्कळ फोन गेल्यावर.

जानेवारीअखेर मॅट आली. पहिले पंधरा दिवस नुसता रबरासारखा वास. मुली आनंदात होत्या, पण सरावाचं गणित बसेना. आमच्या संघातल्या निम्म्याहून जास्त मुली खेड्यांवरून येतात, एसटीच्या अहिल्यादेवी होळकर योजनेतल्या मोफत पासवर. शाळा पाचला सुटते आणि एकेकीची शेवटची गाडी सहा-सव्वासहाची. त्या तासाभरात तुकडे आणायचे, लावायचे, खेळायचं, उचलायचं, मोजून ठेवायचे. सुरुवातीला लावायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागायची. खेळ उरायचा अर्ध्या तासाचा. त्यात दहावीच्या बोर्डाचं केंद्र आमच्या शाळेत, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हॉल गेला आणि मॅट पोषण आहाराच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. उंदरांनी कोपऱ्यातले सहा-सात तुकडे कुरतडले. सुटे तुकडे घेतले होते ते तिथेच कामी आले. हा सल्ला कोणताही विक्रेता देत नाही, मी देते: शंभराला पाच जास्त घ्या, आणि त्याच खेपेत घ्या, कारण पुढच्या खेपेचा रंग आणि दात जुळतीलच असं नाही.

एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिरासाठी मॅट पत्र्याच्या शेडखाली अंथरली. खानदेशातला एप्रिल माहीत असेल त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी साडेनऊनंतर तिरपं ऊन कडेच्या दोन रांगांवर यायचं. फोम तापून फुगला, दात एकमेकांना रेटायला लागले आणि मधल्या दोन रांगा चक्क वर उचलल्या गेल्या. रेषांच्या पट्ट्या सुटल्या. सहावीतली एक मुलगी अनवाणी चढाईला गेली आणि तिसऱ्या पावलाला ओरडली, ‘‘माय वं, तवा शे हाई!’’ (आई गं, हा तर तवा आहे!) दुसऱ्या दिवसापासून सराव साडेसहा ते साडेआठ. पट्ट्यांचं म्हणाल तर साधी चिकटपट्टी घेऊ नका, टिकत नाही. मॅट आदल्या दिवशी पुसून, पूर्ण वाळवून मगच चांगली पट्टी लावायची. आमच्या खेळाच्या बाईंनी महिलांच्या मापाने निदान रेषा (चढाईवालीने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून तीन मीटरवर आणि बोनस रेषा (जादा गुणाची) तिच्यापुढे एक मीटरवर मारून घेतली. मुलींच्या डोळ्यांना ते अंतर बसणं महत्त्वाचं, कारण बोनस टाकताना खाली बघायला वेळ नसतो.

जूनमध्ये निर्णय झाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात शहाणा निर्णय होता: जुना हॉल मॅटला देऊन टाकायचा. कायमचा. बाजूला जेमतेम अर्धा मीटर सुटतो, म्हणून भिंतींना आणि दोन खांबांना जुन्या कापसाच्या गाद्या बांधल्या. ९६ तुकडे खाली, बाकीचे एका लाकडी घडवंचीवर, जमिनीपासून वर. संगीताच्या तासावरून आणि शिवणाच्या यंत्रांवरून थोडी कुरबूर झाली. ती वर्गात हलवली. तेव्हापासून पाच वाजून दोन मिनिटांनी खेळ सुरू होतो. मधल्या सुट्टीतही पाचवी-सहावीच्या मुली आत शिरतात, ज्यांना संघात कोणी घेतलं नसतं अशा. पूर्वी मैदानावर मोठ्यांचं राज्य असायचं, पडण्याच्या भीतीने लहान मुली लांबून बघत राहायच्या. आता त्या न घाबरता पडायला शिकल्यात, आणि कबड्डीत निम्मं काम तेच.

पावसाळ्यात एकच त्रास झाला. ओल. फरशीतून दमटपणा वर येतो आणि तुकड्यांच्या खाली कुबट वास धरतो. पंधरा दिवसांतून एकदा एकेक रांग उचलून उभी करून पंख्याखाली ठेवावी लागते. पुसायला साधा ओला फडका आणि किंचित साबण पुरतो. फिनेल टाकलं तर मॅट निसरडी होते. धूळ साचली तरी निसरडी होते, म्हणून दारात पायपुसणं आणि बाहेरच्या चपला बाहेर हा नियम शिक्षकांनाही लागू आहे. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना तो तितकासा आवडलेला नाही. श्रावणात कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की हळदीकुंकू मॅटवरच करू, बसायला मऊ. हळदीचे डाग अजून डाव्या कोपऱ्यात आहेत. रॉकेल, लिंबू, सोडा, सगळं करून झालं. शेवटी ते तुकडे उलटे केले. दुहेरी रंगाची मॅट घेतली असेल तर ही सोय असते. आमची दोन्हीकडून वापरता येते, फक्त उलटी केल्यावर निळ्यात लाल चौकोन दिसतात.

अंगाचं म्हणाल तर सोलवटणं जवळपास थांबलं. त्याऐवजी मॅटवर घसपटून चटका बसतो, गुडघ्याला आणि कोपराला. गुडघ्याच्या पट्ट्या आणि पूर्ण पँट, एवढं पुरेसं. बूट मात्र मॅटचेच हवेत, आणि हा खर्च आमच्या अंदाजपत्रकात नव्हता. सात खेळणाऱ्या आणि बसलेल्या राखीव, दहा-बारा जोड तरी लागतात. तुम्ही पैसे गोळा कराल तेव्हा बूट, पट्ट्या आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच आकड्यात धरा. मॅटसाठी लोक हौसेने देतात, बुटांसाठी परत हात पसरायला गेलं की ‘आताच तर दिले’ म्हणतात.

ऑगस्टच्या तालुका स्पर्धेत सतरा वर्षांखालचा संघ जिंकला, जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरला. पाय घसरून नाही, शेवटच्या दोन मिनिटांत घाई करून. बाईंच्या लेखी ही प्रगती आहे, माझ्याही. एक पालक आधी मुलीला ‘कबड्डीने हातपाय मोडतात’ म्हणून सोडत नव्हते. हॉलमध्ये येऊन त्यांनी मॅट हाताने दाबून बघितली आणि मग फॉर्मवर सही केली. बैठकीत समजावून जे झालं नव्हतं ते त्या एका दाबण्याने झालं.

मॅट बाहेर भाड्याने द्या, असे दोन-तीन निरोप आले आहेत. देत नाही. उचल-ठेव झाली की दात तुटतात. त्यापेक्षा तुमच्या मुलींना घेऊन या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर हॉल मोकळा असतो, आधी बाईंना फोन करा, बूट आपापले आणा आणि हळद लावून येऊ नका.