फॉलआउट न्यू व्हेगसचा 4 जीबी पॅचर: रॅम घेण्याआधी हे चालवून बघा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात जाऊन सांगा, गेम मध्येच बंद पडतो. उत्तर ठरलेलं आहे: रॅम वाढवा. माझ्या धाकट्या भावाच्या हातात अशीच एक पट्टी ठेवली, पैसे घेतले, आणि त्याचा मॉड (खेळाडूंनी बनवलेले जादा बदल) लावलेला फॉलआउट न्यू व्हेगस हा गेम त्याच संध्याकाळी त्यातल्या फ्रीसाइड वस्तीच्या गेटवर पुन्हा आडवा झाला. मला याचा राग येतो, कारण ज्या गोष्टीने काम होतं ती, म्हणजे 4 जीबी पॅचर, फुकट आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात.

हा गेम 2010 चा, 32 बिटचा. अशा प्रोग्रामला विंडोज मुळात 2 जीबीचीच जागा वापरू देतं, मशीनमध्ये 8 जीबी असो की 32. फलाट बारा डब्यांचा असेल तर पंधरा डब्यांची लोकल आणून काय उपयोग? पॅचर गेमच्या एक्झी फाइलमधली (जिच्यावरून गेम सुरू होतो ती) एक खूण बदलतो. मग 64 बिट विंडोज त्याच गेमला 4 जीबीपर्यंत जागा देतं. बस, एवढंच.

वापरायला काही नाही. नेक्सस या मॉडच्या साइटवरून उतरवा, गेमच्या फोल्डरमध्ये टाका, डबल क्लिक करा. काळी खिडकी उघडते, दोन-चार ओळी येतात, जुन्या एक्झीची बॅकअप प्रत तिथेच राहते. वरून एक फायदा: एक्सएनव्हीएसई (बऱ्याच मॉडना लागणारा जोडप्रोग्राम) फोल्डरमध्ये असेल तर गेमसोबत आपोआप लोड होतं, वेगळा लाँचर लागत नाही. मात्र गेम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे विंडोजच्या परवानग्या आड येतात.

भांडुपला माझ्या घरी 8 जीबी रॅम आणि 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. गेम खिडकीत चालवून बाजूला टास्क मॅनेजर उघडा ठेवला. पॅचच्या आधी आकडा 1.8 जीबीच्या आसपास गेला की थेट डेस्कटॉप. आता गेममधल्या स्ट्रिप या कॅसिनोंच्या रस्त्यावर अडीचच्या वर जातो आणि मी आरामात कॅसिनोत फिरते.

पण 4 जीबी म्हणजे आभाळ नव्हे, आणि खरी शिस्त इथे लागते. टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चढवलेलं चित्र; एक 4के टेक्स्चर (4096 पिक्सेल लांबरुंद) साध्या डीएक्सटी5 कॉम्प्रेशनमध्ये 16 एमबीचं, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून 21 च्या वर. तेच त्याच्या निम्म्या लांबीरुंदीच्या 2के मध्ये 5 च्या थोडं वर. हा गेम चित्रं दाखवायला वापरतो त्या डायरेक्टएक्स 9 च्या नेहमीच्या पद्धतीत टेक्स्चरची एक प्रत ग्राफिक्स कार्डात असते आणि दुसरी गेमच्या त्याच मोजक्या जागेत. मग गेममधल्या सनसेट सार्सापरिला सरबताच्या बाटलीला 4के हवंय कशाला? मी जमीन आणि हातातल्या बंदुका 2के ठेवल्या, बाकी सगळं 1के. दिसण्यात काडीचा फरक नाही.

सोबत टिक फिक्स हा मॉड नक्की लावा. गेम अडखळत चालतो तो त्याने बराच सुरळीत होतो. जुन्या व्हिडिओंत सांगतात तो अँटी-क्रॅश मॉड मात्र काढून टाका. तो क्रॅश गिळतो, दुरुस्त करत नाही, आणि बिघडलेल्या अवस्थेतला गेम पुढे रेटला की सेव्ह फाइल धोक्यात येते. शंभर तासांचा सेव्ह गेलेला माणूस मी जवळून पाहिलाय. तेव्हा जपा.

तक्रार एकच: पॅच झालं की नाही हे गेममध्ये कुठेच दिसत नाही. एक्सएनव्हीएसई टाकलं असेल तर गेम त्याच्या लाँचरशिवाय सुरू करा, कन्सोल (गेममध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि GetNVSEVersion टाइप करून त्याचं व्हर्जन विचारा. 6 आलं तर पॅच लागलाय. एपिक या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर त्यासाठीचा वेगळा पॅचर आधी चालवावा लागतो. आणि स्टीम या दुसऱ्या दुकानाच्या अ‍ॅपमध्ये गेमच्या फाइल्स व्हेरिफाय (तपासणी) केल्या तर मूळ एक्झी परत येते, तेव्हा पॅचर पुन्हा चालवा.