भोसरीतील एका जॉबवर्क कारखान्याचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतील एका लहानशा कारखान्यातून मी नुकतेच ६२०५ बेअरिंगवर (आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ मिमी) फिरणारे दोन शाफ्ट आणि त्यांचे हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवण्याचे घर, करून घेतले. फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमधली स्टेप फाइल, म्हणजे त्रिमितीय मॉडेल, पाठवून मी निर्धास्त झालो होतो. परंतु मालकांनी भाव सांगण्यापूर्वीच ड्रॉइंग मागितले, कारण माझ्या मॉडेलमध्ये २५ मिमी हे नुसते माप होते, फिट, म्हणजे भाग किती घट्ट वा सैल बसावा हे, कुठेच नव्हते. मग दिलेल्या ड्रॉइंगवर मी शाफ्टसाठी स्मॉल एच ६, म्हणजे २५ मिमी किंवा किंचित कमी, असे लिहिले होते. "साहेब, शाफ्ट फिरणार ना? मग आतली रिंग त्यावर घसरेल, के ६ करा," असे त्यांनी सुचवले. के ६ म्हणजे या मापावर २ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) अधिक. हाउसिंगच्या ५२ मिमी बोअरचा कॅपिटल एच ७, म्हणजे शून्य ते अधिक ३० मायक्रॉन, त्यांनी तसाच ठेवला.

शाफ्ट कमी वाकावा म्हणून मी ईएन २४ या अधिक मजबूत पोलादाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की ईएन ८ या साध्या पोलादाचा शाफ्टदेखील तेवढाच वाकेल, कारण दोन्ही पोलादांचा यंग्ज मॉड्युलस (ताठरपणाचे माप) जवळपास सारखाच, सुमारे २१० गिगापास्कल, असतो. (हे मी महाविद्यालयात शिकलो होतो, हे कबूल करताना संकोच वाटतो.)

मायक्रोमीटरवर शाफ्ट २५.००८ आणि २५.०११ मिमी भरले. माल मात्र चार दिवस उशिरा मिळाला आणि कीवेच्या (चावी बसवण्याच्या खाचेच्या) कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कड, मला घरी कानशीने काढावी लागली. पुढचे कामही तेथेच देणार आहे, फक्त तारीख आठवडाभर अलीकडची सांगून.