चाइल्ड इन टाइम: स्टुडिओतली दहा मिनिटे की ओसाकातली बारा?

डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक समूहाच्या ‘चाइल्ड इन टाइम’ या दीर्घ गाण्याची अनेक अधिकृत ध्वनिमुद्रणे आज सहज मिळतात. जून १९७० मध्ये आलेल्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बमवर ते दहा मिनिटांहून थोडे अधिक चालते, डिसेंबर १९७२ च्या ‘मेड इन जपान’वर बारा मिनिटांहून थोडे अधिक, आणि स्टॉकहोमच्या नोव्हेंबर १९७० मधील कार्यक्रमात तेच गाणे सतरा मिनिटांच्या घरात जाते. ज्याला हे गाणे प्रथमच ऐकायचे आहे किंवा ज्याला यांपैकी एकच अल्बम संग्रही ठेवायचा आहे, त्याने कोणता निवडावा, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून ही तुलना मांडत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्टुडिओतले गाणे ते मूळ आणि मंचावरचे ते त्याचे लांबवलेले रूप, असे बहुतेक श्रोते धरून चालतात. या गाण्याच्या बाबतीत क्रम उलटा आहे. गायक इयन गिलन आणि बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर १९६९ च्या उन्हाळ्यात समूहात आले आणि त्यानंतर थोड्याच काळात हे गाणे आकाराला येऊन मंचावर वाजू लागले. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर समूहाचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांची ‘कॉन्चेर्टो’ (रॉक समूह आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची दीर्घ रचना) सादर झाली, त्याच संध्याकाळी समूहाने स्वतंत्रपणे जी गाणी वाजवली, त्यांत हे होते. स्टुडिओतले मुद्रण त्यानंतर झाले. म्हणजे अल्बमवरचे गाणे हे मंचावर घडत असलेल्या एका रचनेचे, एका विशिष्ट टप्प्यावर थांबवून घेतलेले रूप आहे. मैफलीत रंगलेला ख्याल आणि त्याच गायकाने ध्वनिमुद्रिकेसाठी आवरून गायलेला तोच राग यांची तुलना करताना आपण जसे एकाला अस्सल आणि दुसऱ्याला नक्कल म्हणत नाही, तसेच इथेही म्हणता येत नाही.

गाण्याच्या मुळाशी असलेली सुरावट मात्र समूहाची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या समूहाच्या १९६९ च्या अल्बमवर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची, व्हायोलिनला केंद्रस्थानी ठेवणारी एक शब्दविरहित रचना आहे. तिची लय चांगली जलद आहे. लॉर्ड ती सुरावट ऑर्गनवर वाजवत असताना समूहाने तिची लय बरीच उतरवली आणि त्या संथ चालीवर गिलन यांनी शब्द बसवले. दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या की लय उतरवल्याने काय साधले, ते लगेच ध्यानात येते. मूळ रचनेत प्रवासाची लगबग आहे, तर इथे त्याच स्वरांतून येऊ घातलेल्या संकटाची चाहूल लागते. शीतयुद्धाच्या काळात वाढलेल्या पिढीची भीती त्या मोजक्या ओळींत आहे. चांगले आणि वाईट यांच्यातली रेघ, जगावर गोळ्या झाडणारा एक आंधळा माणूस आणि त्या गोळ्यांच्या वाटेत असलेले तुम्ही-आम्ही, एवढ्यावरच शब्द थांबतात.

रचनेचा आराखडा सर्व मुद्रणांत एकच आहे. संथ ऑर्गन, हलक्या आवाजातले कडवे, मग शब्द सोडून केवळ स्वरांवर चढत जाणारा गिलन यांचा आवाज, त्यानंतर लष्करी संचलनासारख्या ठेक्यावर सुरू होऊन पाहता पाहता द्रुत लयीत जाणारे गिटारवादन, मग एकदम थांबणे, आणि पुन्हा पहिल्यापासून तोच प्रवास, शेवटी मात्र सगळ्या वाद्यांच्या कल्लोळात कोसळणारा. निवड करायची ती हा आराखडा कोणत्या मुद्रणात कसा भरला आहे, यावरून.

स्टुडिओतल्या मुद्रणाचे पहिले बलस्थान त्याची शांतता आहे. ड्रमवादक इयन पेस यांची झांजेवरची हलकी टिकटिक आणि लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन यांच्यामध्ये इतकी मोकळी जागा आहे की गिलन यांनी पहिला शब्द उच्चारण्याआधीच ऐकणारा सावध झालेला असतो. कडव्यानंतरचा शब्दविरहित भाग बारकाईने ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीला ओठ जवळ आणून, जणू स्वतःशीच घेतलेला ऊकार येतो. तोच स्वरसमूह वरच्या पट्टीत थोड्या अधिक जोराने पुन्हा येतो आणि मग तोंड पूर्ण उघडून घेतलेला आकार तार सप्तकात जातो, तेव्हा त्याची किंकाळी झालेली असते. ही चढण अशी बेतलेली आहे की नेमकी कोणत्या क्षणी गाण्याची आरोळी झाली, ते सांगता येत नाही. टिम राईस आणि अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या १९७० च्या ध्वनिमुद्रित संगीतिकेत येशूची भूमिका गिलन यांच्याकडे गेली, त्यामागे हेच गाणे होते. ते ऐकल्यावर या निवडीचे आश्चर्य वाटत नाही.

गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांनी स्टुडिओत या गाण्यासाठी गिब्सनची ईएस-३३५ ही अर्धपोकळ गिटार वापरली. तिचा नाद गोल आणि थोडा उबदार असल्याने संथ भागातले लांब ओढलेले स्वर ऑर्गनमध्ये मिसळून जातात. पुढे लय दुप्पट होते, वादन टिपेला पोचते आणि सगळे एका झटक्यात थांबते. त्या थांबण्यानंतरची नितळ पोकळी आणि तिच्यातून पुन्हा उगवणारा ऑर्गन, हा मला या मुद्रणातला सर्वोत्तम क्षण वाटतो. मंचावर अशी शांतता मिळणे शक्यच नाही, कारण सभागृहाचा श्वास तिच्यात मिसळतोच.

तरीही केवळ स्टुडिओतल्या मुद्रणावर जो थांबेल, त्याला हे गाणे अर्धेच कळेल, असे माझे ठाम मत आहे. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये डीप पर्पलचे कार्यक्रम झाले. जपानमधील रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहावरून ते मुद्रित केले गेले. समूहाला स्वतःला त्या मुद्रणाविषयी फारसा उत्साह नव्हता आणि जपानबाहेर ते प्रसिद्ध करण्याचा त्यांचा मूळ बेतही नव्हता. आठ ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांनी ते टिपले. ‘मेड इन जपान’वर निवडलेले ‘चाइल्ड इन टाइम’ १६ ऑगस्टच्या रात्रीचे आहे. गिलन यांच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाला तेव्हा तीन दिवस बाकी होते.

तीन वर्षे सतत वाजवल्याने या गाण्यातला कुठला जोड कुठे आहे, हे पाचही जणांच्या अंगवळणी पडले होते आणि ओसाकात त्याचा पूर्ण लाभ मिळतो. स्टुडिओत लय बदलताना क्वचित जाणवणारा सांधा इथे जाणवतच नाही. पेस ठेका इतक्या सावकाश आवळत नेतात की द्रुत लयीत आपण कधी येऊन पोचलो, ते ऐकणाऱ्याला नंतर उमगते. ब्लॅकमोर यांच्या हातात आता फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आहे. तिचा नाद धारदार आहे, प्रत्येक स्वराला कडा आहे, त्यामुळे जलद भागात एकही स्वर गर्दीत हरवत नाही. मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजणारा लॉर्ड यांचा ऑर्गनही गुरगुरतो आणि गिटारला साथ करण्याऐवजी तिला अडवू पाहतो. हेडफोन लावून ऐकले तर एका बाजूला ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला गिटार अशी मंचावरची मांडणी स्पष्ट उमटते आणि ही झुंज अधिकच कळते. गिलन यांचा आवाज इथे स्टुडिओपेक्षा दणकट आहे. मात्र स्टुडिओतल्या त्या पहिल्या ऊकारातला भेदरलेपणा इथे थोडा कमी झाला आहे. त्यांना आता ठाऊक आहे की तो वरचा स्वर लागणारच आहे, आणि तो विश्वास ऐकू येतो. गाण्याचा आशय भीतीचा असल्याने ही उणीव मी लहान मानत नाही.

ज्याला हे गाणे म्हणून, म्हणजे शब्द, आवाज आणि त्यातली भीती यांसाठी ऐकायचे आहे, त्याने म्हणूनच ‘इन रॉक’ घ्यावा, तर ज्याला पाच वादक-गायकांनी एक रचना एकत्र कशी उभी केली, हे ऐकायचे आहे, त्याने ‘मेड इन जपान’ घ्यावा. एकच घ्यायचा असेल तर माझे मत ‘मेड इन जपान’ला आहे. स्टुडिओतल्या शांततेची किंमत मोजूनही ओसाकातली बारा मिनिटे अधिक वेळा ऐकवतात, शिवाय त्या अल्बमवरची इतर गाणीही त्याच तोडीची आहेत. ऐकण्याचा क्रम मात्र उलटा ठेवावा. आधी स्टुडिओतले गाणे शांतपणे एकदा तरी पूर्ण ऐकावे. आराखडा कानात बसला की ओसाकात त्याच्याशी कुठे खेळले गेले आहे, ते समजते.

लांबीचा मोह असणाऱ्यांसाठी १२ नोव्हेंबर १९७० च्या स्टॉकहोमच्या कार्यक्रमाचा विचार करावा लागेल. स्वीडिश रेडिओसाठी झालेले हे मुद्रण १९८८ मध्ये ‘स्कँडिनेव्हियन नाइट्स’ या नावाने अल्बमच्या रूपात आले. यात समूह तरुण आहे, धाडसी आहे आणि काही ठिकाणी चक्क बेफाम आहे. स्वैर वादनाला इथे भरपूर जागा दिली आहे. त्यातले काही तुकडे फार सुंदर आहेत, परंतु मधल्या टप्प्यात वादक पुढची दिशा शोधत आहेत असे जाणवते, आणि ज्या ताणावर हे गाणे उभे आहे, तो तेवढ्या वेळात सैल पडतो. या गाण्याला लांबीने मोठेपण येत नाही. दोन शांततांच्या मधली चढण किती घट्ट धरली आहे, यावर ते ठरते आणि त्या कसोटीवर ओसाका स्टॉकहोमच्या पुष्कळ पुढे आहे. गाण्याशी चांगली ओळख झालेल्या श्रोत्याने मात्र स्टॉकहोम जरूर ऐकावे. एखादी रचना अजून पक्की होत असताना ती कशी वाजते, याचा असा पुरावा क्वचितच मिळतो. अल्बर्ट हॉलचे मुद्रण त्याहूनही आधीचे आणि अधिक कच्चे आहे, त्यामुळे ते अभ्यासकांपुरते ठेवावे.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ग्रनाडा टेलिव्हिजनसाठी १९७० च्या उन्हाळ्यात चित्रित झालेला ‘डूइंग देअर थिंग’ हा कार्यक्रम सर्वांत सोयीचा आहे. कॅमेरा वादकांच्या जवळ असल्याने तार सप्तकातला स्वर घेताना गिलन यांचा चेहरा आणि मान कशी ताठ होते, हे दिसते. आवाजाचा दर्जा अल्बमइतका नाही, परंतु चित्रामुळे ते खटकत नाही. मार्च १९७२ मध्ये कोपनहेगनला चित्रित झालेली कृष्णधवल मैफलही उपलब्ध आहे, आणि ओसाकाच्या काही महिने आधी समूह कोणत्या तयारीत होता, हे तिच्यातून कळते.

१९८४ मध्ये हेच पाच जण पुन्हा एकत्र आले, त्यानंतरच्या मुद्रणांविषयी फार लिहिण्याची गरज वाटत नाही. ‘नोबडीज परफेक्ट’ या १९८८ च्या अल्बमवर आणि १९९३ च्या दौऱ्यातल्या ‘कम हेल ऑर हाय वॉटर’वर हे गाणे आहे. दोन्हींत वादन सफाईदार आहे, परंतु वरच्या स्वरांसाठी गिलन यांना पडणारे कष्ट लपत नाहीत. या समूहाविषयी आस्था असलेल्याला ते ऐकताना वाईट वाटते. ब्लॅकमोर १९९३ च्या अखेरीस समूहातून बाहेर पडले. पुढे नवे गिटारवादक स्टीव्ह मॉर्स यांच्यासह डीप पर्पल एप्रिल १९९५ मध्ये मुंबईत आले आणि त्या कार्यक्रमाचे चित्रण नंतर ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने प्रसिद्ध झाले. समूहाच्या कार्यक्रमांतून हे गाणे त्यानंतरच्या काळात हळूहळू मागे पडले.

‘मेड इन जपान’ घेण्याचे ठरले, तर आवृत्तीकडे लक्ष द्यावे. जुनी मूळ ध्वनिजुळणी (मिक्स) आणि नंतर नव्याने केलेली ध्वनिजुळणी अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात आहेत आणि पहिल्या खेपेला मूळ जुळणीच घ्यावी, कारण सभागृहाचा भास तिच्यात अधिक नैसर्गिक आहे. तिन्ही रात्रींचे कार्यक्रम एकत्र असलेला संच २०१४ मध्ये आला. त्याची किंमत अधिक असली तरी ज्याला हे एक गाणे जीव लावून ऐकायचे आहे, त्याच्यासाठी तो योग्य आहे, कारण लागोपाठच्या तीन संध्याकाळी तेच पाच जण ही रचना कशी वेगवेगळी वाजवतात, हे त्यात शेजारी शेजारी ठेवून ऐकता येते.