कोल्ह्यांसाठी परसात बसवलेला सौर सेन्सर दिवा

नाशिकमधील मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागा आणि नव्या सोसायट्या एकमेकींना खेटून असल्यामुळे अंधार पडल्यावर कोल्हा कुंपणापर्यंत येणे यात नवल नाही. उंदीर, बोरे, द्राक्षे, कोंबड्या आणि उघड्यावर टाकलेले खरकटे यांपैकी त्याला काहीही चालते. त्याला दूर ठेवण्यासाठी हालचाल टिपणारा सौर दिवा आम्ही परसात बसवला. विक्रेत्याने दिलेली ‘जनावर फिरकणारही नाही’ ही हमी मात्र फार भाबडी आहे.

हा सेन्सर हालचाल ओळखतो ती अंगातील उष्णतेवरून. त्यामुळे उन्हाळ्यात फरशी तापलेली असते त्या संध्याकाळी त्याचा पल्ला कमी होतो, आणि मांजर गेले तरी दिवा लागतो. शिवाय पावसाळ्यात ढगाळ दिवसांनंतर पहाटेपर्यंत चार्जिंग टिकत नाही. सुरुवातीला कोल्हा प्रकाशाने दचकून पळत असे. पुढे त्याच जागी तोच उजेड रोज पडू लागल्यावर तो सरावला. दिव्याची जागा अधूनमधून बदलल्यास थोडा फरक पडतो.

तरीही हा दिवा मला उपयोगी वाटतो, तो माणसासाठी. रात्री परसात पाऊल टाकण्यापूर्वी समोर काय आहे ते दिसते, आणि बिबट्याचा वावर असलेल्या नाशिकमध्ये ही सोय लहान नव्हे. मात्र बिबट्या दिव्याला भिऊन जाईल या भरवशावर कुत्रा बाहेर बांधून ठेवू नये.

कोल्ह्याचे येणे खरोखर कमी झाले ते दोन साध्या गोष्टींनी: कचरा रात्री बाहेर न ठेवता घंटागाडी आल्यावरच देणे, आणि खुराड्याची पातळ चिकन जाळी काढून वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या जाड तारांची जाळी लावणे. ती जमिनीत फूटभर पुरावी लागते, कारण कोल्हा उकरून आत शिरतो; बिबट्यामुळे वरूनही पक्के छत हवे. दिवसा माणसांच्या अंगावर येणारा किंवा झोकांड्या खाणारा कोल्हा दिसल्यास त्याच्या जवळ न जाता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे, कारण रेबीजची लस लांबणीवर टाकता येत नाही.

दिव्याला पाचपैकी तीन गुण. घेताना बॅटरी बदलता येते का, हे आधी विचारावे. सीलबंद दिव्याची बॅटरी गेली की अख्खा दिवाच टाकून द्यावा लागतो.