सह्याद्रीच्या वर्षावनात एक पावसाळा: स्टील फ्रेमच्या टूरिंग सायकलीचा वापरानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात जोडून घेतलेली टूरिंग सायकल जवळपास अख्खा पावसाळा सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातून एकट्याने चालवली आणि परतल्यानंतरही ती रोजच्या वापरात आहे; तेव्हा आता तिच्याविषयी आणि तिच्याबरोबरच्या सामानाविषयी सविस्तर लिहायला हरकत नाही. फ्रेम क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्र) स्टीलची, चाके २६ इंची, टायर दोन इंच रुंदीचे, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाक फिरताना वीज तयार करणारा तुंबा) आणि दोन्हीकडे स्टीलचे कॅरिअर अशी तिची रचना आहे. सुटे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे आहेत आणि माझे म्हणणे प्रकारांविषयी आहे, म्हणून नावे घेत नाही.

मार्ग थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र एक्सप्रेसने, सायकल पार्सलच्या डब्यात टाकून, कोल्हापूर. तेथून आजरा, आंबोली, मग खानापूर, दांडेली, यल्लापूर, शिरसी, जोग, सागर, तीर्थहळ्ळी, आगुंबे, शृंगेरी आणि कुद्रेमुख. आगुंबे आणि त्याच्या पायथ्याचे सोमेश्वर अभयारण्य ही दोन्ही जंगले युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा यादीत घेतलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी आहेत. नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आगुंब्याची वार्षिक सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर आहे. पण सायकलीच्या दृष्टीने फरक केवळ पावसाच्या आकड्याचा नाही. पेंच किंवा उमरेडकडच्या सागाच्या जंगलात सर येऊन गेली की तासाभरात ऊन पडते आणि सगळे वाळते. घाटातल्या सदाहरित जंगलात पाऊस थांबल्यावरही पानांतून पाणी गळतच राहते, ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, आणि सकाळी ओली असलेली वस्तू संध्याकाळीही ओलीच असते. त्यामुळे विकत घेताना आपण सहसा विचारतो तो प्रश्न, म्हणजे या वस्तूच्या आत पाणी शिरते का, तिथे फारसा उपयोगाचा ठरत नाही. पाणी शिरतेच. शिरलेले पाणी बाहेर कसे पडते आणि रस्त्याच्या कडेला बसून ती वस्तू उघडता येते का, यावर सामानाचा निकाल लागतो.

फ्रेमपासून सुरुवात करतो. निघण्यापूर्वी सीताबर्डीतल्या ज्या मिस्त्रीकडे सायकल जोडली, त्यांनी सीटपोस्ट आणि पेडलचा एक्सल काढून फ्रेम उलटी टांगली आणि रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड जवसाचे तेल प्रत्येक नळीत ओतून, फ्रेम हळूहळू फिरवत, ते सगळीकडे पसरू दिले. जादा तेल खालच्या परातीत निथळत असताना ते म्हणाले, “भाऊ, फ्रेम बाहेरून नाही सडत, आतून सडते. बाहेरचं तर दिसतेच ना.” हे तेल वाळल्यावर आतून चिवट पापुद्रा धरते आणि स्टीलला गंजू देत नाही. एक्सलच्या कवचाला खालून बारीक छिद्र होतेच. ते त्यांनी थोडे मोठे केले. जोगच्या अलीकडे एका मुक्कामी सायकल उभी केल्यावर त्या छिद्रातून चमचाभर गढूळ पाणी टपकताना पाहिले, तेव्हा या कामाची किंमत कळली. पावसाळ्यानंतर एक्सल पुन्हा काढून विजेरीने आत पाहिले. कडेला किंचित तांबूस डाग सोडला तर नळ्या स्वच्छ आहेत. सीटपोस्टची गोष्ट वेगळी. तो ॲल्युमिनिअमचा आणि नळी स्टीलची असली की ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात आणि मग कितीही जोर लावला तरी निघत नाहीत, म्हणून तो दर आठवड्याला काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा लागतो. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण टाळून चालत नाही.

सर्वांत जास्त लिहिण्यासारखे ब्रेकविषयी आहे. विदर्भातल्या काळ्या मातीची सवय असलेल्याला घाटातला चिखल सुरुवातीला निरुपद्रवी वाटतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून चार पावले सायकल नेली तरी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती गच्च बसून चाक जाम होते, आणि घाटातली जांभ्याची लाल माती मात्र तशी चिकटत नाही. ती पाण्याबरोबर पातळ होऊन सगळीकडे उडते. पण तिच्यात कणी असते, आणि ती कणी डिस्क व पॅड यांच्यामध्ये सापडली की प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना पॅड घासून निघतात. नागपूर ते रामटेक परिसरात उन्हाळाभर फिरून ज्या रेझिनच्या पॅडवर ओरखडासुद्धा दिसला नव्हता, तेच पॅड आगुंब्याहून सोमेश्वरकडे उतरणाऱ्या चौदा वळणांच्या घाटात अर्ध्यावर संपले. मागचा लिव्हर हँडलला टेकू लागला आणि चाकातून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. कठड्याशी सायकल उलटी करून पॅड बाहेर काढले, तर एका बाजूला मसाला कागदाइतका उरला होता आणि दुसऱ्या बाजूला नुसती पत्र्याची पाठ. बरोबरचे सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड बसवले आणि उरलेला प्रवास त्यांच्यावरच झाला. ते कोरड्या रस्त्यावर किंचाळतात आणि पहिल्या पकडीला रेझिनइतके मऊ लागत नाहीत, पण ओल्या कणीत कितीतरी अधिक टिकतात. वर्षावनात जाणाऱ्याने निघतानाच हेच बसवावेत आणि बदली जोडही याच प्रकारचे ठेवावेत.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक घ्यावेत का, हे मला परतल्यावर अनेकांनी विचारले. त्यांची पकड चांगली असते आणि पॅड झिजेल तसे ते आपोआप जुळवून घेतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. केबलच्या ब्रेकमध्ये उताराआधी कॅलिपरवरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागावरची, चकती एक-दोन टिचक्या फिरवून पॅड जवळ आणावे लागतात. पण केबल तुटली तर ती तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते. तेल गळू लागले तर शिरसी ते शृंगेरी या पट्ट्यात काय करणार, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सोबतीला कोणी असता तर कदाचित वेगळी निवड केली असती. एकट्याच्या प्रवासात सुटे भाग आणि अवजारे वाटून घेता येत नाहीत, म्हणून प्रत्येक वस्तू निवडताना ती हातातल्या चार पान्यांनी दुरुस्त होईल का, हेच पाहावे लागते. याच कारणासाठी ट्यूबला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह घेतला होता. पंक्चरच्या कोणत्याही टपरीवर त्यात हवा भरता येते.

पिशव्यांनी मला दोन टोकांचे अनुभव दिले. मागे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, जोड वितळवून चिकटवलेल्या पीव्हीसीच्या पिशव्या होत्या आणि पुढे मेणकापडासारख्या जाड सुती कापडाच्या. पहिल्या पिशव्यांत पावसाचा थेंबही गेला नाही, यात शंका नाही. मात्र आत ठेवलेल्या कपड्यांत जो दमटपणा असतो तो बाहेर पडायलाही वाट नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी उघडताच कुबट वास येतो. पांघरुणाच्या घडीवर काळ्या बुरशीचे ठिपके दिसले ते याच पिशवीत. सुती पिशव्या भिजून जड झाल्या, पण मुक्कामी चुलीजवळ टांगल्या की सकाळपर्यंत निम्म्याहून अधिक वाळत. शेवटी जे जमले ते असे: मागच्या पिशवीत प्रत्येक वस्तू वेगळ्या पातळ पिशवीत, ओले सामान पूर्णपणे बाहेर जाळीत, आणि कागदपत्रे व बॅटरी यांच्यासाठी झाकणाचा डबा व त्यात सिलिका जेल. सिलिकाचे निळे खडे गुलाबी पडले की मुक्कामाच्या घरी विनंती करून तव्यावर मंद भाजून घ्यायचे; रंग परत येतो. मागच्या एका पिशवीचा प्लॅस्टिकचा हूक कुद्रेमुखच्या रस्त्यावर तुटला आणि विक्रेत्याने सुटा हूक देण्यास नकार दिला. पूर्ण पट्टी विकत घ्या म्हणाला. सध्या तिथे नट-बोल्टने कसलेली ॲल्युमिनिअमची पट्टी आहे आणि ती मूळ हुकापेक्षा बरी आहे.

महागड्या पावसाळी जॅकेटविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. घामाची वाफ बाहेर सोडणारे म्हणून विकले जाणारे कापड तेव्हाच काम करते, जेव्हा आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी दमट असते. आगुंब्यात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, त्यात चढावर अंग तापलेले. अर्ध्या तासात आतून इतके भिजायला होते की जॅकेट घातले काय नि काढले काय, सारखेच. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असते, पण हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो आणि ओले फडके गुंडाळलेली बाटली तासभर थंड राहते. अंगावरचा घामही तसाच उडून जातो. घाटात २५ अंशांनाही घाम उडत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे तहान जाणवत नसतानाही मीठ-साखरेचे पाणी वेळेवर घ्यावे लागते, हे या प्रवासात अंगवळणी पडले. जॅकेट उतारासाठी आणि वाऱ्यासाठी ठेवले. चढावर पातळ टेरिकॉटचा शर्ट पुरला. तिकडच्या मळ्यांत काम करणारी माणसे सुपारीच्या पानाच्या बुडाची टोपी घालतात. तिचा काठ पाणी डोळ्यांत येऊ देत नाही, आणि तो गुण माझ्या हेल्मेटच्या झापेत नव्हता.

डायनॅमो हब घ्यावा, पण तो दिव्यासाठी. सहा व्होल्ट आणि तीन वॅटची ही छोटी यंत्रणा ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे नीट चार्जिंग करते. लादलेली सायकल घाटात सात-आठच्या गतीने चढत असताना फोनला जे मिळते ते नगण्य असते. त्यात फोनच्या पोर्टमध्ये ओलावा गेला की फोन चार्जिंगच नाकारतो. म्हणून डायनॅमोने आधी पॉवर बँक भरायची आणि फोन रात्री कोरड्या जागी लावायचा, हा क्रम ठरला. घुमटासारख्या दाट जंगलात, विशेषतः जोगच्या खाली होन्नावरच्या रस्त्यावर कत्तलेकानच्या परिसरात, भर दुपारी पुढचा दिवा लावावा लागला आणि वळणावरच्या बसचालकांना मी दिसलो तो त्याच दिव्यामुळे. सौर पॅनेल नेले होते. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

चेनसाठी मेणाचे वंगण पहिल्या दोन पावसांतच धुऊन गेले, जाडसर ओले वंगण टिकले. रोज संध्याकाळी चेन पुसणे आणि थेंब-थेंब तेल देणे सोडले नाही, तरीही मोजणीच्या पट्टीवर चेन ०.७५ टक्क्यापर्यंत ताणलेली निघाली आणि बदलावी लागली. २२ दात्यांचे पुढचे आणि ३४ दात्यांचे मागचे चक्र हा सर्वांत हलका गिअर मात्र पुरेसा आहे. टायरमधली हवा ४० पीएसआयच्या आसपास ठेवली. सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरते आणि कडक टायर त्यावर बिनबोभाट घसरतो. चामड्याचे सीट नेऊ नये. माझे ओले असतानाच ताणले गेले, त्यावर पांढरी बुरशी धरली आणि आता ते फक्त शहरात वापरण्याच्या लायकीचे राहिले आहे.

जळवांचा धाक बाळगण्याचे कारण नाही. चालत्या सायकलीवर त्या क्वचितच चढतात, थांबल्यावर चढतात, आणि पोटरीपर्यंतचे घट्ट विणीचे मोजे व मिठाची पुरचुंडी एवढे पुरते. रक्त मात्र बराच वेळ थांबत नाही, कारण त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. गोचीड ही अधिक गंभीर बाब आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली पहिल्यांदा ओळखला गेलेला, माकडताप म्हणून प्रसिद्ध असलेला आजार गोचिडांतून पसरतो, आणि त्याचा जोर पावसाळ्यात नसून मुख्यतः डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. त्यामुळे पावसाला कंटाळून हिवाळ्यात त्या भागात सायकल नेणाऱ्याने पायवाटेवर बसणे टाळावे आणि मुक्कामी अंग तपासावे.

तंबूचे वजन दोन किलोच्या वर होते आणि तो मी जवळजवळ उघडलाच नाही. राखीव जंगलात परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही, नाक्यांवर वेळेचे बंधन असते, आणि मुसळधार पावसात ओला तंबू ओल्याच अवस्थेत बांधून पुढे न्यावा लागतो. मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ भागाच्या, पट्ट्यात देवळांच्या धर्मशाळा, साध्या लॉज आणि घरगुती मुक्काम यांची साखळी दिवसाच्या अंतरात सापडते. तंबू विकायला काढला आहे. त्या जागी पुढच्या वेळी पॅडचे आणखी दोन जोड, एक चेन आणि जाड दोरी जाईल. ओले कपडे टांगायला दोरी कधीच पुरी पडत नव्हती.