डिक्कीच्या रबरातली वीतभर वायर: सोलापुरात एसयूव्हीला मागचा डॅशकॅम बसवताना

मागच्या डॅशकॅमचं, म्हणजे काचेवर लावून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, चित्र गेलं की लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. बहुतेकदा कॅमेरा ठणठणीत असतो. मेलेली असते ती डिक्कीच्या बिजागरीपाशी रोज दुमडणारी वीतभर वायर. त्यामुळे हा रिव्ह्यू खोक्यातल्या वस्तूचा कमी आणि फिटिंगचा जास्त आहे. सोलापुरात हे काम ॲक्सेसरीजच्या दुकानात होतं, शोरूममध्ये होतं, किंवा कंपनीचा माणूस घरी येऊन करून देतो. मजुरीत थोडंफार इकडेतिकडे असतं. खरा फरक वायर कुठून नेली यात आहे.

आधी वस्तू. पुढे १४४० किंवा त्याहून वरचा आणि मागे १०८० चा (हे आकडे चित्राच्या उंचीतल्या पिक्सेलचे) कॅमेरा असा जोडीचा बरा सेट साधारण सात ते बारा हजारांत पडतो. मागच्या डबीत बॅटरी नाही, कार्ड नाही, फक्त भिंग आणि सेन्सर. तिला वीज मिळते आणि तिचं चित्र पुढे जातं ते एकाच केबलमधून. ही केबल बहुधा साडेपाच ते सहा मीटरची येते. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू अशा चार मीटरच्या आतल्या गाडीत ती पुरून वर फूट-दीड फूट उरते. सफारी, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही७०० या ४.६ मीटरच्या पुढच्या गाड्या. आरशापासून पुढच्या काचेशेजारच्या खांबापर्यंत पाऊण मीटर, छताच्या कडेने सव्वातीन, मागे कोपऱ्यातून डिक्कीच्या रबरी नळीपर्यंत अर्धा-पाऊण, मग दरवाज्यात वळून काचेच्या मध्यापर्यंत आणखी मीटरभर: बेरीज साडेपाचच्या पुढे जाते. ताणून बसवलेली केबल सगळ्यात आधी तुटते. म्हणून तीन रांगांच्या गाडीला त्याच कंपनीची नऊ-दहा मीटरची केबल मिळते का, हे कॅमेरा घेतानाच विचारून ठेवावं. प्लग मोबाइलच्या चार्जरसारखा दिसला तरी आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. दुसऱ्या कंपनीची केबल 'बसतेय की' म्हणून लावली तर चित्र येत नाही, कधी डबीच जळते.

काही केबलींना एक सुटी लाल वायर असते. ती रिव्हर्सच्या दिव्याला जोडली की गाडी मागे घेताना डॅशकॅमच्या स्क्रीनवर मागचं दिसतं. गाडीला मूळचा पार्किंग कॅमेरा असेल तर तिचा उपयोग नाही. टोकाला टेप मारून सोडून द्यावी. ती उघडी ठेवली आणि पत्र्याला टेकली तर काय होईल, हे दर वेळी सांगता येत नाही.

पुढचं काम सोपं वाटतं, पण एका जागी जीव गुंतलेला आहे. पुढच्या खांबाच्या ट्रिमवर (प्लास्टिकच्या झाकणावर) एअरबॅगची खूण असेल तर वर छताच्या कडेला कर्टन एअरबॅगची (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगची) घडी आहे असं समजायचं. आता बऱ्याच गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटलाही सहा एअरबॅग असतात. या ट्रिमची वरची क्लिप साधी नसते. एअरबॅग फुटताना ट्रिम अंगावर उडू नये म्हणून तिला अडकवण असतं. हिसका दिला की ते तुटतं. पकडीने वळवून सोडवावं लागतं, आणि काही गाड्यांत ते एकदाच वापरायचं असतं, परत लावताना नवीन घालायचं. केबल एअरबॅगच्या मागून, पत्र्याच्या अंगाने, मूळ वायरिंगच्या गठ्ठ्याला टायने बांधून गेली पाहिजे. घडीवरून आडवी टाकलेली केबल एअरबॅगच्या वाटेत येते. छताच्या कापडात नुसती बोटाने कोंबत जाणारा मिस्त्री नेमकं तेच करत असतो. कापडाची कड खाली ओढून आत काय दिसतंय ते पाहायला त्याला भाग पाडावं.

आता डिक्की. वर उघडणाऱ्या दरवाज्याच्या कोपऱ्यात छत आणि दरवाजा यांना जोडणारी घड्याघड्यांची काळी रबरी नळी असते, अंगठ्याएवढी जाड. ब्रेक लाइट, वायपर, डिफॉगर (काच गरम करून दव घालवणाऱ्या रेषा), लॉक या सगळ्यांच्या वायरी तिच्यातून जातात. कॅमेऱ्याची केबलही तिच्यातूनच गेली पाहिजे. दुकानात पाय ठेवल्याठेवल्या विचारायचा प्रश्न एकच: 'अण्णा, वायर रबरातून घेणार की बाहेरून?'

रबरातून न्यायची पद्धत अशी. नळीची दोन्ही टोकं खाचेतून उपसून काढायची. सायकलच्या ब्रेकची तार दरवाज्याच्या बाजूने आत सरकवून छताच्या बाजूला बाहेर काढायची. तारेच्या टोकाला केबलचा प्लग ठेवून त्यावर टेप निमुळती गुंडाळायची, म्हणजे पायरी राहत नाही. मग नळीत साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारून हळूहळू ओढायचं. एल आकाराचा प्लग घड्यांत अडकतो, म्हणून केबलचं सरळ प्लगचं टोक आत घालायचं. ग्रीस किंवा डिझेल लावू नये, रबर फुगतं. एवढ्याशा नळीला अर्धा तास सहज जातो. ट्रिम काढण्या-लावण्यासकट अख्ख्या कामाला दोन-अडीच तास लागतात. 'पाऊण तासात देतो' असं कुणी म्हणालं तर वायर बाहेरून जाणार हे नक्की.

बाहेरून म्हणजे छताच्या कडेच्या रबरी बीडिंगखालून केबल काढायची आणि दरवाज्याच्या ट्रिममध्ये घुसवायची. पहिल्या दिवशी हे काम झकास दिसतं. पण डिक्की आपटली की बीडिंग दर वेळी त्याच जागी केबल चिरडतं. वरचं आवरण शाबूत राहतं, आतले केसासारखे तांबे एकेक करून तुटतात. त्यात केबलने बीडिंग उचलून धरल्यामुळे पावसाचं पाणी तिच्याच अंगाने आत झिरपतं, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर छताच्या कापडावर पिवळा डाग उमटतो. दुसरी चलाखी म्हणजे प्लग कापायचा, उघडी वायर नळीतून ओढायची आणि पुढे पुन्हा जोड मारायचा. सिग्नलच्या वायरीभोवती जाळीचं कवच असतं. जोडात ते सलग राहत नाही. मग चित्रात आडव्या रेषा नाचतात, आणि अँटेना मागे असलेल्या गाडीत आकाशवाणी लावली की खरखर ऐकू येते.

तुटकी केबल ओळखायला मीटर लागत नाही. स्क्रीनवर मागचं चित्र लावून डिक्की हळूहळू उघडत न्यायची. ठरावीक कोनात चित्र जातं आणि बंद केल्यावर परत येतं, तर दोष बिजागरीतच आहे. कॅमेरा बदलून काही होणार नाही. नवीन फिटिंग झाल्यावर पैसे देण्याआधीही हीच परीक्षा घ्यावी: पूर्ण उघडी, अर्धी उघडी, बंद, असं दहा वेळा. पूर्ण उघड्या स्थितीत नळीच्या आत केबलला चार बोटांची ढील हवी. जिम्नीसारख्या बाजूला उघडणाऱ्या दरवाज्यात ही नळी बिजागरीच्या उभ्या कडेला असते. तत्त्व तेच, फक्त स्टेपनीमुळे खालचं अर्धं दृश्य जातं, म्हणून डबी काचेच्या वरच्या टोकाला घ्यावी लागते.

इतर एसयूव्हींत मात्र वरचं टोक ही वाईट जागा आहे. उभ्या पाठीमागे हवा भोवरा धरते आणि धूळ ओढून काचेवर आणून बसवते. विजापूर रोडवरून एक फेरी मारली तरी मागची काच मातकट होते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून आलं तर विचारायलाच नको. वायपर जेवढा भाग पुसतो तेवढ्यातूनच कॅमेऱ्याला दिसतं. म्हणून आधी पाणी मारून वायपर फिरवायचा, ओला अर्धगोल काचेच्या आतून मार्करने आखायचा आणि त्याच्या वरच्या कडेच्या आत डबी बसवायची. डिफॉगरच्या तांबूस रेषांवर डबीची दुतर्फी टेप चिकटवू नये. डबी कधी काढायची वेळ आली तर टेपबरोबर रेषाही सोलून निघते आणि काचेचा तेवढा पट्टा कायमचा गार राहतो. दोन रेषांच्या मधली जागा अरुंद असेल तर टेप कापून घ्यावी. खालच्या व्हेरिएंटला मागे वायपर नसतो. अशा गाडीने पुण्याकडे निघताना सावळेश्वर आणि वरवडे या दोन्ही टोलच्या आसपास काच पुसणं हाच उपाय.

चिकटवण्याचं वेळापत्रकही उन्हाळ्यात वेगळं असतं. या टेपला काच साधारण २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान हवी, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे गेला की उन्हातली काच हात लावू देत नाही. गाडी सकाळी सावलीत उभी करून काम करावं. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. काच चमकवण्याचा स्प्रे वापरला तर मागे थर राहतो. डबी अर्धा मिनिट दाबून धरावी. चिकटपणा पूर्ण यायला ७२ तास लागतात, निदान २४ तास तरी डिक्की आपटू नये. खोक्यात येणारा पारदर्शक स्टॅटिक स्टिकर मागच्या काचेवर लावायचाच नाही, ऊन आणि दरवाज्याचे दणके त्याला झेपत नाहीत. सेटच्या पुढच्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आहे ना, हे मात्र खोक्यावर वाचून घ्यावं. बंद गाडीतल्या उन्हात बॅटरी फुगते.

मागच्या कॅमेऱ्याकडून काय मिळतं? दुकानातल्या टीव्हीवर दाखवतात तेवढं नाही. १०८० च्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, ती १३० अंशांत पसरलेली, म्हणजे अंशाला सुमारे १५. चारचाकीची उच्च सुरक्षा पाटी ५०० मिलिमीटर रुंद असते. सहा मीटरवर ती जेमतेम ७० पिक्सेल व्यापते, त्यात दहा अक्षरं. अक्षरागणिक सात पिक्सेलमध्ये एमएच १३ मधला ३ आणि ८ वेगळे करणं दिवसाही अवघड. तीन मीटरवर हाच आकडा दुप्पट होतो आणि पाटी नीट वाचता येते. म्हणजे आसरा चौकात सिग्नलला उभं असताना मागून टेकलेली गाडी पकडता येते, महामार्गावर डिपर मारत चिकटून आलेल्या ट्रकचा नंबर रात्री मिळेलच असं नाही. हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरी पडते. उजेड-अंधार एकाच चित्रात सांभाळणारा एचडीआर चालू ठेवला आणि एक्स्पोजर एक पायरी खाली आणलं तर थोडा फरक पडतो. मागच्या काचेला गडद फिल्म असेल तर तोही विषय संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवाच, तो कॅमेऱ्यालाही लागतो.

वीज घेताना वायर कापू देऊ नये; इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर शोरूमवाले तिथेच बोट ठेवतात. फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायर देणारा जोड) वापरायचा, तोही गाडीतल्या फ्यूजच्या मापाचा: मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ दिसायला सारखे वाटतात, एकमेकांच्या जागी नीट बसतीलच असं नाही. १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज घ्यावा; एअरबॅग, एबीएस, इंजिनच्या कंप्युटरचा अजिबात नाही. दोन्ही कॅमेरे मिळून फार तर १२ वॉट ओढतात, म्हणजे बॅटरीकडून एक अँपिअर, त्यामुळे टॅपच्या वरच्या खाचेत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. हाताला सापडला म्हणून १५ चा घातला तर वायर जळेल, फ्यूज उडणार नाही. टॅपचाही सुलटा-उलटा असतो. उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग, हवा असेल तर तीन वायरींचा हार्डवायर किट लागतो: कायम वीज, चावीची वीज आणि अर्थिंग. अर्थिंग पत्र्याच्या रंग न लावलेल्या बोल्टला. किटचा कटऑफ (बॅटरी किती उतरल्यावर कॅमेरा बंद करायचा तो आकडा) १२ व्होल्टच्या खाली ठेवू नये. टाइम-लॅप्समध्येही (थोड्या-थोड्या वेळाने एकेक चित्र घेण्यातही) पाव अँपिअरच्या आसपास जातं, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-अवर, आणि गाडी चार-पाच दिवस हलली नाही तर बॅटरीचा निम्मा जीव तिथेच संपतो. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी मार्च ते मे हा मोड बंदच ठेवलेला बरा.

कार्ड 'हाय एंड्युरन्स' प्रकारचं, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं सोसणारं, १२८ जीबी. दोन्ही चित्रं मिळून सेकंदाला ३० मेगाबिट धरले तर तासाला साडेतेरा जीबी, म्हणजे साडेनऊ तासांत जुनं पुसलं जायला लागतं. फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करायचं. धक्का ओळखणारा जी-सेन्सर सगळ्यात कमीवर आणायचा. जास्तीवर ठेवला तर शहरातला प्रत्येक स्पीडब्रेकर अपघात म्हणून लॉक होतो आणि लॉक झालेल्या फायलींनी कार्ड भरून रेकॉर्डिंग थांबतं. मागच्या चित्राला 'मिरर' पर्याय बंद आहे ना पाहावं, नाहीतर सगळ्या पाट्या उलट्या. अपघात झालाच तर कार्ड काढून ठेवावं आणि मूळ फाइलच जपावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबली गेलेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फायलीसोबत प्रमाणपत्र लागतं.

तिन्ही प्रकारांत आपली पसंती अशा ॲक्सेसरीजवाल्याला, जो समोर उभं राहून काम बघू देतो. शोरूममध्ये गाडी आत गेली की रबराची नळी उघडली की नाही हे कळत नाही, वॉरंटीची निश्चिंती मात्र तिथे जास्त. घरी येणाऱ्या माणसाकडे ट्रिमच्या जादा क्लिपा नसतात आणि एखादी तुटली की ट्रिम कायमची खडखडते. त्याला बोलावताना गाडीचं मॉडेल सांगून पाच-सहा क्लिपा आणायला लावाव्यात. बिल कुठलंही असो, त्यावर 'केबल डिक्कीच्या रबरातून, सहा महिने हमी' एवढी ओळ हाताने लिहून सही घ्यावी. बाहेरून वायर टाकणारा ती लिहायला तयार होत नाही.